सालीवरचा निळा थेंब

७ फेब्रुवारी, शनिवार

छापणार! एप्रिलच्या अंकात! संपादकांचं पत्र दुपारच्या टपालाने आलं. सात ओळी, त्यांतल्या चार माझ्या स्वल्पविरामांची खरडपट्टी काढणाऱ्या — पण छापणार!

एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या नमुन्यांना लेबलं लावली. सरांनी झाडं शोधायची, मी वाळवायची. त्यांनी नावं द्यायची, मी कागदावर टाचायची. लेखाच्या शेवटी आभार — 'आणि प्रयोगशाळेतील कर्मचारी'. ते कर्मचारी म्हणजे मी. आता बासष्टाव्या वर्षी लेखाच्या डोक्यावर एकच नाव, आणि तेही माझं.

लेख फिकीवर आहे. लोक तिला दगडफूल म्हणतील, कॉलेजात लायकेन म्हणतात, मी फिकी म्हणते. धड पांढरी नाही, धड राखाडी नाही — चुन्याचा हात मारून कुणी फडक्याने पुसून टाकावा तशी. भिंतीवर असते, दगडावर असते, आणि येणारा-जाणारा तिला डाग समजतो. ओळख पटवायची तर थेंब टाकून. पोटॅशचा टाकला की पिवळी होते. ब्लीचला दाद देत नाही. आयोडीनलाही नाही — भिंतीवरची नाही, दगडावरची नाही. पण सालीवरची! झाडाच्या सालीवर ती असते हेच आजवर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि सालीवरची फिकी आयोडीनने तळाशी निळी होते हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तो निळा रंग म्हणजेच माझा लेख. बाकी सगळं पाल्हाळ.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. 'छान झालं,' म्हणाले, आणि चहाचा कप विसळायला आत गेले. बराच वेळ विसळत होते.

८ फेब्रुवारी, रविवार

हे सकाळी सातला टेकडीवर गेले. सहा वर्षांत हा नेम चुकलेला नाही. माझे गुडघे गेले तेव्हापासून पाय त्यांचे आणि डोळे माझे, अशी वाटणी झाली आहे. चाळीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधलेला माणूस! हात इतका नेटका की नमुन्याच्या पुडीची घडीसुद्धा फुटपट्टी लावल्यासारखी. पुडीवर पेन्सिलीने जागा, तारीख, कशावर मिळाली — भिंत, दगड की साल. मी पुडी उघडायची, थेंब टाकायचे, वहीत नोंद करायची. वहीसुद्धा त्यांनीच बांधलेली.

दुपारी आले ते एकच पुडी घेऊन. दगड. संपादकांना संग्रहात ठेवायला सालीवरचे दोन नमुने हवे आहेत, आणखी साल बघायची ना, म्हटलं. तर म्हणे तिकडची वाट आता बंद केली आहे. हे आजच ऐकते आहे! दुसऱ्या वाटेने जा, म्हटलं. पिशवी खुंटीला अडकवून आत गेले. असो. जुन्या अकरा पुड्या आहेत, त्यांतल्या दोन पाठवीन.

जरा चिडलेच. रिकाम्या हाताने आले की माझं तोंड फुगतं, हे मला माहीत आहे. स्वभावाला औषध नाही.

१० फेब्रुवारी

सालीच्या दोन पुड्या संपादकांकडे रवाना. स्वतः टपालात गेले, स्वतः पावती घेतली. असल्या कामात मी कुणावर विसंबत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजात गेले. निवृत्तीनंतरही बाईंनी मला खिडकीजवळचं टेबल आणि जुना सूक्ष्मदर्शक ठेवू दिला आहे. बाई म्हणजे विभागप्रमुख. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण शहाण्या. त्यांनी आज वर्गाला माझ्या टेबलाशी आणलं आणि सालीवरच्या फिकीवर थेंब टाकायला लावला. निळा! पोरी 'अय्या' म्हणाल्या. 'हा मॅडमनी शोधला,' असं बाईंनी सांगितलं. इथे मी जन्मभर 'मावशी' होते. मावशी, चंचुपात्र द्या. मावशी, पाणी गळतंय. आज मॅडम!

घरी येऊन आरशात पाहिलं. मॅडमसारखी काही दिसत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सावकाश लिहिते.

आज घरीच काम करत होते. पात्याने फिकीचा पातळ काप घेताना बोट कापलं. नेहमीचंच. त्यावर आयोडीन लावलं. टेबलावर ह्यांनी परवा बांधलेली नवी वही वाळत ठेवली होती. बोटावरचा एक थेंब वहीच्या आतल्या पानावर पडला, पुठ्ठा आणि पान जिथे चिकटवतात तिथे. पुसायला फडकं घेतलं आणि तशीच थांबले.

निळा.

तोच निळा. कडेला जांभळा, मध्ये काळपट. मी त्या रंगाचं वर्णन लेखात साडेतीन ओळींत केलं आहे.

खळ! मैद्याची खळ. बाइंडर लोक पुस्तकं चिकटवायला शिजवतात ती. आमच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या पातेल्यात ती आठवड्यातून एकदा रटरटते. पिठावर आयोडीन पडलं की निळं होतं. शाळेतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि मी? मी एकतीस वर्षं दर जूनमध्ये नव्या वर्गासाठी हाच प्रयोग मांडून दिला. बटाट्याची चकती, आयोडीनचा थेंब, बघा निळा झाला.

पुडी उघडायचं धाडस झालं नाही. उद्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उघडली. सालीचा तुकडा कोमट पाण्यात ठेवला. दहा मिनिटांत फिकी सुटून वर आली. जुन्या पाकिटावरचं तिकीट सुटतं तशी, अलगद, अख्खी. खऱ्या सालीवर वाढलेली फिकी अशी सुटत नाही, साल सोबत घेऊन येते. तिच्या पाठीला खळीचा पापुद्रा, आणि त्याच्या आत वाळूचे कण, चुन्याचा चुरा, निळसर रंगाचा एक कपचा. कुठल्यातरी भिंतीचा. आम्लाचा थेंब टाकला. फसफसलं. चुनाच.

सालीचा तुकडा उलटा करून पाहिला. एक कड करवतीने कापलेली, सरळ. वखारीतलं लाकूड! इतके दिवस माझं लक्ष फक्त वरच्या बाजूला.

उरलेल्या आठ पुड्या तपासल्या. आठच्या आठ तशाच. संपादकांकडे गेलेल्या दोन काही वेगळ्या नसणार.

मग 'दगड' लिहिलेल्या काढल्या. मी स्वतः टेकडी चढत होते तेव्हाच्या खऱ्या. ह्यांच्या पहिल्या वर्षाच्या खऱ्या. त्यानंतरच्या सगळ्या फसफसल्या. दगडावरची म्हणून मी नोंदवलेली फिकी पाच वर्षं एका भिंतीवरून येत होती.

हे बाहेर पेपर वाचत बसले होते. 'जेवायचं का गं?' म्हणून विचारलं. वाढलं. काय वाढलं आठवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

हे सातला निघाले. काठी, टोपी, पिशवी, पिशवीत माझ्या हातचा डबा. मी अर्ध्या तासाने निघाले. टेकडीकडे नाही. खळ, करवत, भिंत — डोकं चालवायची फारशी गरज नव्हती. ह्यांच्या दोस्ताचं बाइंडिंगचं दुकान मंडईमागच्या गल्लीत आहे, शेजारी वखार. गुडघे दर दहा पावलांना हिशोब मागत होते. चार ठिकाणी बसले. पण पोचले.

खिडकीतून दिसले. बाह्या वर केलेल्या, हातात दाभण, समोर शिवायच्या छापील फर्म्यांची चवड. दोस्त काहीतरी म्हणाला आणि हे हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. घरात असे हसलेले मी कितीतरी वर्षांत पाहिले नाहीत, हे तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं.

आत गेले नाही. दुकानाच्या मागे गेले. मागची भिंत जुनी, निळसर रंग उडालेली, आणि तिच्यावर छातीइतक्या उंचीपर्यंत फिकीच फिकी. मधे मधे चौकोन. चाकूने नीट, काटकोनात खरवडून काढलेले, नखाएवढे, पैशाएवढे. मोजायला लागले. चाळीसनंतर सोडून दिलं. काही चौकोनांच्या कडांनी ती परत वाढायला लागली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी 'उत्तर उतार, ओढ्याकाठ, सावलीची बाजू' असं सुवाच्य अक्षरात लिहून घेत होते आणि सगळी टेकडी मंडईमागे!

दुपारी घरी आले ते बुटांना चिखल लावून. तोही कुठूनतरी आणलेला. पुडी पुढे केली. घेतली. 'दगड', आजची तारीख.

२३ फेब्रुवारी

बोलले नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज बोलले. चहा झाल्यावर त्यांच्यासमोर सालीचा तुकडा ठेवला, सुटलेली फिकी ठेवली, आयोडीनची बाटली ठेवली. थेंब मात्र त्यांच्या वहीवर टाकला. दोघेही तो निळा होताना बघत बसलो.

मला वाटलं होतं नाकबूल करतील. नाकबूल केलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. म्हणाले, 'पहिलं वर्षभर खरंच शोधलं गं. टेकडीवरचं एक झाड सोडलं नाही. सालीवर नाहीच ती.'

'मग नाही म्हणून सांगायचं होतं!'

'सांगितलं होतं. तू म्हणालीस, नीट बघितलं नसेल.'

मला आठवत नाही, असं मी म्हणाले.

मग एकेक करत सगळं निघालं. पाय दुखायचे. टेकडीवर एकटं करमायचं नाही. एकदा वाटेत दोस्ताकडे टेकले, तिथेच दुपार झाली. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून मागच्या भिंतीवरून थोडी खरवडली आणि 'दगड' लिहिलं. 'तू किती खूश झालीस त्या दिवशी,' म्हणाले. पुढच्या रविवारी परत. आणि मी सालीचा धोशा सोडेना तेव्हा वखारीतली साल आणि घरची खळ. 'खळीने काही बिघडेल असं वाटलं नव्हतं. रंग बदलेल हे मला काय माहीत!'

चाळीस वर्षं खळ शिजवली, तिच्यावर आयोडीन कधी पडलं नाही. मी एकतीस वर्षं आयोडीन ओतलं, आणि ह्यांच्या खळीकडे कधी बघितलं नाही. संसार!

नंतर एकटीच बसले तेव्हा आठवलं. मी तसं म्हणाले होते.

२५ फेब्रुवारी

आठवलं म्हणून काय झालं? कुणी नीट बघ म्हटलं की माणूस खळ लावून आणतो का? केसाने गळा कापला माझा. परक्याने कापला असता तर चार लोकांत सांगता आलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

आजपासून वहीत 'तो'. 'हे' लिहायला हात होत नाही.

आणि ही पहिली खेप नव्हे. निवृत्तीच्या वेळी मी मुदतवाढीचा अर्ज केला होता. नाकारल्याचं पत्र घरी आलं, ते याने दोन महिने कपाटात दडवलं. मी रोज उत्तराची वाट बघायची आणि हा समोर बसून 'येईल गं' म्हणायचा. वाईट बातमी याच्या हातून पुढे सरकत नाही, मुरत राहते. तेव्हा मी माफ केलं होतं, वर हसलेही होते. तिथेच चुकलं.

एकाच घरात राहतो, एकाच पातेल्यातलं जेवतो. दर रविवारी डबा करून दिला मी, टेकडी चढायची म्हणून दोन घास जास्तच. तो डबा दोस्ताबरोबर बसून खाल्ला असेल. माझ्या वेडाचे किस्से सांगत खाल्ला असेल. ते हसणं डोळ्यांसमोरून जात नाही. 

२८ फेब्रुवारी, शनिवार

लेकीला फोन केला. म्हटलं कुणीतरी माझ्या बाजूचं असेल. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, बाबा रविवारी दोस्ताकडे बसतात हे तिला केव्हाचं माहीत होतं. खळीचं नाही, शपथ. पण बसतात ते माहीत होतं.

'मला का नाही सांगितलंस?'

'आई, टेकडीवर जायचंय का, हे तू त्यांना कधी विचारलं होतंस?'

फोन ठेवला. सगळ्यांना सगळं माहीत, आणि मी एकटी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली! दुकानदाराला माहीत, वखारवाल्याला माहीत, परगावच्या लेकीला माहीत. भिंतीला माहीत.

संध्याकाळी तिचा परत फोन. लेखाचं काय करणार विचारत होती. मागे घेणार, म्हटलं. तर म्हणे झाकली मूठ सव्वा लाखाची, वाचणारे असे कितीजण असतात, राहू दे. बापाची लेक शोभते.

३ मार्च, मंगळवार

लेख काढून बसले. लाल पेन्सिल घेऊन खोटं ते खोडत गेले. साल गेली. निळा रंग गेला. दगडाची निम्मी पानं गेली. उरलं काय तर 'फिकी भिंतीवर आढळते'. हे सांगायला लेख कशाला हवा? रस्त्यावरचं कुणीही सांगेल.

कॉलेजात गेले होते, बाईंना सांगावं म्हणून. त्यांनी फळ्याशेजारी माझी निळ्या थेंबाची आकृती मोठी करून लावली आहे. खाली माझं नाव. सांगितलं नाही.

८ मार्च, रविवार

सकाळी तो काठी घेऊन निघाला. कुठे, विचारलं नाही. तीनला आला. चेहरा पांढराफटक, एका हाताने दाराची चौकट धरलेली. मी पाणी दिलं, एवढंच. पुडी टेबलावर ठेवून तो आडवा झाला.

वर लिहिलं होतं: 'टेकडी. ८ मार्च. साल. बत्तीस झाडं पाहिली.' आत काही नव्हतं. सहा वर्षांत याने आणलेली ही कदाचित सगळ्यांत खरी पुडी. वहीत नोंद केली: बत्तीस झाडं, फिकी नाही.

नोंद करताना रडू आलं. कशाचं, ते मला सांगता येणार नाही. माफ वगैरे केलेलं नाही. पायाला तेल चोळून दिलं. बोलले मात्र नाही.

११ मार्च, बुधवार

संपादकांना पत्र लिहिलं. चौथ्या खेपेला जमलं. 'सालीवरचे नमुने सदोष असल्याचे माझ्या निदर्शनास आले आहे. निळा रंग हा बाहेरील पिठामुळे आलेला आहे. सबब लेख मागे घेत आहे.' ह्यात त्याचं नाव कुठेही नाही. सदोष! काय पण शब्द सापडला. नेसूचं सोडून डोक्याला गुंडाळल्यासारखा. पण नवऱ्याने फसवलं असं छापील कागदावर कसं सांगायचं?

अंक वीस तारखेला छपाईला जातो. संपादक परगावी, कानाने अधू, फोन घेत नाहीत. सही केलेलं पत्र हातात पडल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा हलवत नाहीत. उद्या गेलं तर चार दिवसांत पोचेल. वेळ आहे.

सही करताना पेन अडलं. शाई होती.

१२ मार्च, गुरुवार

पत्र पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि त्याच्या हातात दिलं. 'तुम्हीच टाका,' म्हटलं. ज्याने केलं त्यानेच निस्तरावं. हीच शिक्षा.

'आजच टाकू?'

'आजच.'

त्याने ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्यावर दोनदा हात फिरवला. मी कॉलेजात निघून गेले.

१६ मार्च

संपादकांचं काही नाही.

२१ मार्च, शनिवार

अंक काल छपाईला गेला असेल. म्हणजे माझा लेख काढला असणार, त्या पानांवर दुसऱ्या कुणाचं काहीतरी गेलं असेल. बरं झालं. एक प्रकरण मिटलं.

'टाकलंत ना?' असं मी त्याला एकदाही विचारलेलं नाही. विचारायचं म्हणजे परत बोलणं आलं.

३ एप्रिल, शुक्रवार

अंक आला. एकोणीस ते सव्वीस, आठ पानं. मथळा, खाली माझं नाव. आकृती पूर्ण पान. 'सालीवरील नमुन्यांचा निळा रंग हा या लेखिकेचा महत्त्वाचा शोध आहे' — संपादकांची टीप, चौकटीत!

दाराशी उभी राहून तीनदा वाचलं. नाव ठळक अक्षरात आहे. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

कॉलेजात गेले तर अंक आधीच पोचलेला. बाईंनी चंचुपात्रात फुलं घालून माझ्या टेबलावर ठेवली होती. पोरी टाळ्या वाजवत होत्या. दोनदा तोंड उघडलं. दोनदा 'आभारी आहे' एवढंच बाहेर आलं. उद्या सांगेन म्हणून निघाले.

४ एप्रिल, शनिवार

पत्र कोटाच्या आतल्या खिशातच होतं. पाकीट बंद, तिकीट तसंच, कोपरे फक्त मऊ झालेले.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. विश्वासघातकी म्हणाले. एकदा फसवून पोट भरलं नाही म्हणून परत फसवलंस, म्हणाले. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. तुझ्यामुळे मी जगासमोर खोटी ठरले, माझं नाव मातीत घातलंस, म्हणाले. शेजारचं दार उघडून परत बंद झालं इतक्या मोठ्याने.

तो खुर्चीत बसून होता. 'तुझं नाव येणार होतं गं,' एवढंच म्हणाला. मग मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

५ एप्रिल, रविवार

इथे कुणी वाचणारं नाही, तेव्हा लिहून टाकते. टपालपेटी कॉलेजच्या फाटकालाच लागून आहे. १२ तारखेला मी तिच्याजवळून गेले आणि आले. पत्र ह्यांच्या हातात दिलं, कारण हे ते टाकणार नाहीत याची मला खात्री होती. ह्यांनाही ते ठाऊक आहे. काल माझं सगळं ऐकून घेताना हे त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.